‘अनुभव : निरंक’

मित्रांनो, आज एका निबंधाविषयी बोलू या. विषय आहे ‘मी’. मर्यादा फक्त एक पान. कल्पनाविलासाला सक्त बंदी. लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा पुरावा जवळ हवा. आणि तपासणारा माणूस तुमच्या गुरुजींसारखा सवडीनं लाल पेन घेऊन बसणार नाही. तो घाईघाईनं पानावर नजर टाकणार आणि एकतर ते बाजूला सारणार, नाहीतर तुम्हाला फोन करून भेटायला बोलावणार!

ओळखलंत? बरोबर. हा निबंध म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत जोडायचा बायोडाटा. हल्ली त्याला रेझ्युमे म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘सारांश’. कुणी सी.व्ही. म्हणतात. तो लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ ‘आयुष्याची वाटचाल’. नाव काहीही घ्या, काम एकच : ज्यानं आपल्याला कधी पाहिलं नाही, त्याला एका पानात आपली खरी ओळख करून द्यायची.

तुम्ही म्हणाल, “आम्ही तर अजून आठवी-नववीत. आम्हाला आत्ताच कशाला हे?” सांगतो. एक तर तुमच्या घरातली ताई किंवा दादा कदाचित याच कागदाशी झटापट करत असेल. आणि दुसरं म्हणजे, बायोडाटा एका रात्रीत लिहिता येतो, पण त्यात लिहायच्या गोष्टी काही एका रात्रीत घडत नाहीत. त्या तुमच्या हातून आजही घडताहेत. कशा, ते पुढे येईलच.

झेरॉक्सच्या दुकानात

चला, आपण तीर्थपुरीला जाऊ. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे मोठं गाव. आसपास कापूस, ऊस आणि मोसंबीच्या बागा. समजा, इथं एक मुलगी आहे. तिला आपण नुसतं ताई म्हणू. ताई यंदा बारावी झाली. जालन्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीत कार्यालयीन मदतनिसाची जागा निघाली आहे, असं तिला कळलं. नोंदी ठेवायच्या, हिशेबाचे कागद लावायचे, फोन घ्यायचे, असं काम.

जालन्याला बियाण्यांची कंपनी असणं यात नवल काहीच नाही बरं का! बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी जालन्यातच सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं आणि लोखंडी सळया या दोन धंद्यांसाठी जालना आज ओळखलं जातं. साहजिकच आसपासच्या गावांतली कितीतरी मुलं-मुली पहिली नोकरी शोधायला तिकडेच जातात.

तर ताई गेली झेरॉक्सच्या दुकानात.

“काका, बायोडाटा करायचाय.”

“होऊन जाईल पोरी. तयारच असतो आपल्याकडं. नाव सांग.”

काकांनी कालच कुणा मुलासाठी केलेला बायोडाटा उघडला. त्याचं नाव पुसलं, ताईचं टाकलं. त्याची जन्मतारीख पुसली, ताईची टाकली.

“छंद? वाचन आणि क्रिकेट. राहू दे का असंच?”

“क्रिकेट? मी कुठं खेळते?... बरं, राहू द्या.”

“आणि अनुभव?”

“अनुभव तर काहीच नाही हो काका. घरीच तर असते मी.”

“मग निरंक टाकतो.”

निरंक! म्हणजे शून्य. सरकारी कागदांवर हमखास दिसणारा शब्द. पाच मिनिटांत छापील कागद ताईच्या हातात आला. वर मोठ्या अक्षरात नाव. खाली एक भारदस्त वाक्य : ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या भरभराटीस हातभार लावणे हे माझे ध्येय आहे.’ हे ध्येय ताईचं नव्हतं. कालच्या मुलाचंही नव्हतं. परवाच्या मुलाचंसुद्धा नव्हतं! ते काकांच्या कॉम्प्युटरचं ध्येय होतं.

काकांचा यात दोष नाही. त्यांनी मागितलेलं काम केलं. चूक कुठे झाली? ताईनं स्वतःबद्दल ‘काहीच नाही’ असं सांगितलं, तिथे.

कागद कोण वाचतो?

आता क्षणभर टेबलाच्या पलीकडे बसा. तुम्ही त्या कंपनीतले साहेब आहात. जागा एक, आणि समोर अर्जांचा गठ्ठा. त्यातले पुष्कळसे एकाच साच्यातले. सगळ्यांचं ध्येय तेच, सगळ्यांचे छंद तेच, सगळ्यांचा अनुभव निरंक. तुम्ही कुणाला बोलवाल?

तुम्ही शोधाल तीन गोष्टींची उत्तरं. हा माणूस कोण आणि त्याला गाठायचं कसं? माझं काम याला जमेल का? आणि जमेल असं मी कशावरून मानू? बस्स! चांगला बायोडाटा म्हणजे या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं. बायोडाट्यानं नोकरी मिळत नाही. भेटीचं बोलावणं मिळतं. नोकरीचं पुढे भेटीत ठरतं. म्हणून कागदात सगळा जन्म कोंबायची गरज नाही.

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. ‘बायोडाटा’ म्हटलं की घरातल्यांना लग्नाचा बायोडाटा आठवतो! मग नोकरीच्या कागदावरही उंची, वर्ण, रास, कुळ, मामांचं गाव, वडिलांची शेती किती एकर, अशी माहिती येऊन बसते. साहेबांना तुमची पत्रिका जुळवायची नाहीये. त्यांना काम जुळवायचंय. जात, रास, रक्तगट, भावंडांची लग्नं हे सगळं काढून टाका. जागा किती मोकळी होते पाहा!

पाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज

लिओनार्दो दा विंचीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘मोनालिसा’ काढणारा इटलीचा थोर चित्रकार. साधारण १४८२च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यानं मिलान शहराचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी कामाच्या मागणीचं एक पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे.

चित्रकाराच्या पत्रात पहिली गोष्ट काय असेल? चित्रकला! हो ना? तसं नाही. लिओनार्दोनं मुद्द्यांना क्रमांक देऊन लिहिलं : मला हलके, सहज उचलून नेता येतील असे पूल बांधता येतात. वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढून टाकता येतं. तोफा करता येतात, झाकलेल्या युद्धगाड्या करता येतात. असे एकामागून एक मुद्दे लढाईचे. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेईन, हे त्यानंतर. आणि चित्रं? ती अगदी शेवटी शेवटी!

असं का? कारण त्या काळी इटलीतल्या राज्यांच्या आपसात सतत लढाया चालत. स्फोर्झाला तेव्हा चित्रापेक्षा पुलाची गरज जास्त होती, हे लिओनार्दोनं ओळखलं. शेवटी त्यानं असंही लिहिलं, की यातलं काही अशक्य वाटत असेल, तर मी तुमच्या बागेत येऊन करून दाखवायला तयार आहे. पुढे लिओनार्दोनं मिलानमध्ये बरीच वर्षं काम केलं, आणि ‘द लास्ट सपर’ हे जगप्रसिद्ध चित्रही त्यानं स्फोर्झासाठी तिथंच काढलं.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली : आपल्याला काय आवडतं ते आधी नको, समोरच्याला काय हवंय ते आधी लिहावं. दुसरी : ‘येतं’ असं लिहिलं, की ते करून दाखवायची तयारी हवी.

आणि एक अर्ज आपल्या आनंदीबाईंचा

पण ज्याच्याजवळ लिओनार्दोसारखी मोठी यादीच नाही, त्यानं काय करायचं? त्याचं उत्तर एका मराठी मुलीनं देऊन ठेवलंय. कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. लहान वयात लग्न झालं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत तो दगावला. बायकांना औषधोपचार मिळत नाहीत, पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा त्या दुखणं अंगावर काढतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. आपणच डॉक्टर व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. १८८३ साली त्या बोटीनं अमेरिकेला पोचल्या. वय अवघं अठरा!

तिथे फिलाडेल्फिया शहरात बायकांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होतं. आनंदीबाईंनी त्या महाविद्यालयाला अर्जाचं पत्र लिहिलं. आता विचार करा, त्यांच्याजवळ लिहिण्यासारखं काय होतं? मोठ्या परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. ‘निरंक’ लिहून मोकळं व्हावं, अशीच परिस्थिती.

त्यांनी काय केलं? प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसूच असं नाही, हे लपवलं नाही. नसलेली पदवी चिकटवली नाही. पण तिथेच थांबल्याही नाहीत. आपण कशासाठी आलो आहोत, हे त्यांनी सांगितलं : माझ्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांना वैद्यकीय मदत द्यायची आहे. आणि पुरावाही दिला. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध असताना ज्या निर्धारानं मी तुमच्या देशापर्यंत आले, तो निर्धार मला हे शिक्षण पुरं करायलाही उपयोगी पडेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

पाहिलंत? ‘मी फार जिद्दी आहे’ असं तर कुणीही लिहील. आनंदीबाईंनी जिद्दीनं केलेलं काम दाखवलं. त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. दुर्दैवानं क्षयानं त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, त्या गेल्या. पण ते पत्र आजही वाचणाऱ्याला सांगतं, की कमी आहे ते खोट्यानं भरायचं नसतं. आणि जे आहे ते संकोचानं झाकायचंही नसतं.

ताईची वही

आता परत तीर्थपुरीला येऊ. ताई तो छापील कागद घेऊन घरी आली. आई बचत गटाची वही घेऊन बसली होती.

“अगं, या महिन्याचं व्याज मांडून दे बरं. बायका यायच्यात संध्याकाळी.”

ताईनं सवयीनं वही ओढली आणि आकडे मांडू लागली. मांडता मांडता ती थांबली. हे काय चाललंय मग? हा अनुभव नाही तर काय आहे?

तिनं हिशेब केला. गटात बारा बायका. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये. तीन वर्षं ती ही वही लिहितेय. बारा गुणिले शंभर गुणिले छत्तीस महिने. झाले त्रेचाळीस हजार दोनशे रुपये! एवढ्या पैशांची नोंद तिच्या हातून झाली होती, आणि झेरॉक्सच्या दुकानात ती म्हणाली होती, ‘काहीच नाही’.

मग ती आठवत गेली. वडिलांची मोसंबी व्यापाऱ्याकडे जाते, तेव्हा किती क्रेट गेले, किती पैसे आले, किती यायचेत, हे तीच टिपून ठेवते. एमएस-सीआयटीचा कोर्स तिनं पुरा केलाय. शेजारच्या दोन लहान मुलांची गणिताची उजळणी रोज संध्याकाळी तीच घेते. शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्गणीचा हिशेब तिनंच ठेवला होता आणि शेवटी उरलेले पैसे पावतीसह बाईंकडे दिले होते.

मित्रांनो, पगार मिळाला तरच तो अनुभव, असं थोडंच आहे? ज्या कामाची जबाबदारी तुम्ही घेतली आणि जे शेवटपर्यंत नेलं, तो अनुभव. मात्र तो कागदावर मांडायची एक रीत आहे. तीन गोष्टी लिहायच्या : काय केलं, किती केलं, आणि त्यातून काय झालं.

‘हिशेबाची आवड आहे’ ही झाली नुसती हवा. ‘बारा महिलांच्या बचत गटाची नोंदवही तीन वर्षे लिहिली. दरमहा जमा, कर्ज व व्याज यांचा मेळ घातला’ हे झालं काम. पहिलं वाक्य कुणीही लिहू शकतो. दुसरं फक्त ताईच लिहू शकते.

गणिताचं काय करायचं?

ताईच्या मनात मात्र एक काटा होता. दहावीला पहिल्या वेळी तिचा गणिताचा पेपर राहिला होता. पुरवणी परीक्षेत तो सुटला, पण गुण कमीच. चुलतभाऊ म्हणाला, “अगं, टक्के थोडे वाढवून टाक की. कोण बघतंय!”

कोण बघतंय? बघतात! नोकरी देताना मूळ गुणपत्रिका मागतात. खोटा आकडा सापडला की प्रश्न गणिताचा राहत नाही, भरवशाचा होतो. आणि ज्या जागेवर पैशांच्या नोंदी ठेवायच्या, तिथे आकडा बदलणारी व्यक्ती कोण ठेवून घेईल?

मग काय, ‘मी गणितात नापास झाले होते’ असं ठळक अक्षरात लिहायचं? तेही नाही. सगळं सांगणं वेगळं आणि खोटं न सांगणं वेगळं. कागदावर परीक्षा, मंडळ, वर्ष आणि मिळालेले खरे गुण लिहायचे. भेटीत कुणी विचारलंच, तर मान वर करून सांगायचं : “पहिल्या वेळी राहिला होता. पुरवणीला सोडवला.” आणि जमलं तर पुढचं वाक्य : “त्यानंतर तीन वर्षं बचत गटाचा हिशेब लिहितेय.” आनंदीबाईंनी दुसरं काय केलं होतं?

समर्थांचा धडा

मजकूर तर ठरला. आता मांडणी. यासाठी तीर्थपुरीहून दूर जायला नको. याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या ‘दासबोध’ या ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखन कसं करावं यावर आहे! अक्षर वळणदार आणि मोकळं असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत लेखन एकसारखं दिसावं, कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावं, असं समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचं अक्षर काढावं, असंही सांगतात.

आता हेच कॉम्प्युटरला लावून पाहा. पानाच्या चारी बाजूंना समास सोडा. सगळीकडे एकच टाइप ठेवा. अक्षर इतकं बारीक नको, की चष्मा लावणाऱ्या साहेबांना कागद डोळ्यांजवळ न्यावा लागेल. फुलांच्या चौकटी नकोत, सात रंग नकोत. समर्थांनी बोरूनं लिहिणाऱ्यांना सांगितलेलं कॉम्प्युटरवाल्यांनाही कसं लागू पडतंय, आहे ना गंमत?

ताईचा नवा कागद

त्या संध्याकाळी ताईनं आधी वहीत हातानं लिहून काढलं. चार वेळा खोडलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेली. “काका, आज जुना उघडू नका. कोरं पान उघडा.” आणि हा तयार झाला तिचा कागद :

*पूर्ण नाव*
*मु. पो. तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना. मोबाइल व ई-मेल.*

*अर्ज : कार्यालयीन मदतनीस या जागेसाठी*

*केलेली कामे*
*– बारा महिलांच्या बचत गटाची नोंदवही तीन वर्षे लिहिली. दरमहा जमा, कर्ज व व्याज यांचा मेळ घातला.*
*– घरच्या मोसंबीच्या विक्रीची नोंद ठेवली : गेलेला माल, आलेली रक्कम, येणे बाकी.*
*– शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब ठेवला व शिल्लक पावतीसह जमा केली.*

*शिक्षण*
*– बारावी, वाणिज्य शाखा : वर्ष व गुण*
*– दहावी : वर्ष व गुण*
*– एमएस-सीआयटी : वर्ष व गुण*

*येणारी कामे : मराठी व इंग्रजी टंकलेखन, कॉम्प्युटरवर हिशेबाचे तक्ते करणे.*
*भाषा : मराठी व हिंदी बोलता-लिहिता येते. इंग्रजी वाचता येते, बोलण्याचा सराव चालू आहे.*
*माहितीसाठी : वर्गशिक्षिका (त्यांच्या परवानगीने) – नाव व फोन*

बस्स, एक पान! यात ‘आव्हानात्मक वातावरण’ नाही, क्रिकेट नाही आणि निरंकही नाही. ‘इंग्रजी उत्तम’ असं लिहिलेलं नाही, हेही ध्यानात घ्या. ‘सराव चालू आहे’ हे खरं आहे, आणि साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला तर ताईची त्रेधा उडणार नाही. जाहिरात इंग्रजीत असेल तर बायोडाटाही इंग्रजीत करावा. पण छोट्या, सोप्या वाक्यांत. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, तो आपल्या बायोडाट्यात नको.

पाठवण्याआधी एवढं पाहा

१. मोबाइल नंबर एकेक आकडा करून तपासा. एक आकडा चुकला तर बोलावणं दुसऱ्याच्याच घरी जायचं!

२. ई-मेलचं नाव साधं असावं : आपलं नाव, आडनाव. ‘किंग नंबर वन’ असा पत्ता मित्रांपुरता ठीक आहे.

३. ई-मेलनं पाठवताना कागद पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही. फाइललाही आपलंच नाव द्या. सोबत दोन-तीन ओळींचं पत्र लिहा : कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि आपण त्या कामाला योग्य का आहोत.

४. दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही. आई-वडिलांना, बाईंना, मोठ्या भावाला दाखवा.

५. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक बायोडाट्यावर कधीही लिहू नका. ते नोकरी पक्की झाल्यावर, खात्री करूनच द्यायचे.

६. ‘आधी पैसे भरा, मग नोकरी देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा आणि घरच्यांना सांगा. काम देणारा पगार देतो, तुमच्याकडून पैसे घेत नाही.

७. प्रत्येक जागेसाठी तोच कागद चालेल असं नाही. ताईनं उद्या मुलांच्या शिकवणीवर्गासाठी अर्ज केला, तर शेजारच्या मुलांची उजळणी पहिल्या ओळीत येईल आणि मोसंबी खाली जाईल. लिओनार्दो आठवतोय ना?

मग, नोकरी लागली?

ताईला बोलावणं आलं, असं समजू. ती सकाळच्या एसटीनं जालन्याला गेली. साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं, “बचत गटाची वही तूच लिहितेस?” ताईनं पिशवीतून वही काढली. गटातल्या बायकांना विचारून, त्यांची नावं पडणार नाहीत अशी दोन पानं तिनं आधीच खूण घालून ठेवली होती. साहेबांनी ती पानं उलटून पाहिली. मग गणिताचा प्रश्न आलाच, आणि ताईनं ठरवलेलं उत्तर दिलं. आवाज जरा कापला, पण दिलं.

नोकरी मिळाली की नाही, ते मी सांगत नाही. जागा एक आणि येणारे अनेक, तेव्हा चांगल्या कागदालाही कधीकधी नकार मिळतो. नकार मिळाला म्हणून तो कागद खोटा ठरत नाही. पण एक गोष्ट पक्की. ताई त्या खोलीत गेली ती स्वतःची ओळख घेऊन. झेरॉक्सच्या दुकानातल्या साच्याची नाही. आणि परत येताना एसटीत बसल्यावर तिला स्वतःबद्दल ‘काहीच नाही’ असं वाटत नव्हतं.

या आठवड्याचा उद्योग

आता तुमच्यासाठी. तुम्हाला नोकरीची घाई नको; तुमचं आत्ताचं काम शिकायचं आणि खेळायचं. पण एक जुनी अर्धी कोरी वही घ्या. वर लिहा : ‘मी केलेली कामं’. वर्षातून तीन-चार वेळा त्यात नोंद करा. तारीख, काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. शाळेच्या बागेत लावलेली झाडं आणि त्यातली जगलेली झाडं. वाचनालयातून आणून वाचलेली पुस्तकं. आजोबांना शिकवलेला मोबाइल. आठवडी बाजारात आईबरोबर बसून विकलेली भाजी. फसलेलं कामसुद्धा लिहा, आणि ते का फसलं तेही. प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये जपून ठेवा.

आणि घरातली ताई किंवा दादा बायोडाटा करायला निघाले असतील, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांना विचारा, “तू काय काय केलंयस, सांग बरं.” ते म्हणतील, “काहीच नाही रे.” तुम्ही ऐकू नका! तुम्हाला आठवेल ते सांगत जा. आपल्या माणसाचं काम आपल्याला आधी दिसतं, त्याचं त्याला उशिरा दिसतं.

‘निरंक’ हा शब्द सरकारी तक्त्यांत शोभतो. तुमच्या नावासमोर तो लिहू देऊ नका. मग, आणताय ना वही?